श्रेयाची ओळ

आपल्याकडे एखाद्या लेखकाची शताब्दी आली की त्याचे पुस्तक नव्या वेष्टनात बाहेर येते. मधली वर्षे ते कोठेही मिळत नाही, आणि शताब्दी सरली की पुन्हा मिळेनासे होते. पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायाचे पंचांग याहून काटेकोर आहे. तेथे कर्त्याची नव्हे, कृतीची जयंती होते. पंचविसावी, चाळिसावी, पन्नासावी. प्रत्येक जयंतीला तीच कृती अधिक जड पेटीत, अधिक चढ्या भावात आणि म्हणे अधिक स्वच्छ आवाजात श्रोत्यापुढे येते. लेड झेपेलिन या इंग्रज चमूचा चौथा अल्बम ८ नोव्हेंबर १९७१ रोजी निघाला. त्याची पन्नाशी २०२१ साली भरली. तिची वाट न पाहता २७ ऑक्टोबर २०१४ रोजीच त्याची दोन तबकड्यांची नवी आवृत्ती निघाली होती. त्याच मालिकेतला १९७५ चा जोड-अल्बम तर चाळिसाव्या वाढदिवसाचा मुहूर्त साधून फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. महाड-पोलादपूर परिसरात साहित्य शिकवणारे आणि शिकणारे आम्ही काही जण २०२१ च्या नोव्हेंबरात ही चौथ्या अल्बमची आवृत्ती एकत्र बसून ऐकत होतो.

महाडात बसून लेड झेपेलिन ऐकण्यात काहीशी विसंगती आहे, हे आम्हांलाही कळते. ज्या खोलीत आम्ही बसलो होतो तिच्या भिंतीवर, डोक्याच्याही वर, जुलैतल्या पुराची रेघ अजून दिसत होती. रंग द्यायला पैसे नव्हते असे नाही. भिंत वाळतच नव्हती. त्या रेघेखाली बसून अल्बमचे शेवटचे गाणे ऐकताना जे सुचले, आणि पुढच्या वर्षांत त्यावर जी वादावादी झाली, ती येथे मांडत आहोत.

प्रथम आवृत्तीविषयी. ब्लूज म्हणजे, ढोबळमानाने, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णी शेतमजुरांचे आणि त्यांच्या स्थलांतरित मुलाबाळांचे गाणे; ब्लूज-रॉक म्हणजे १९६० नंतर प्रामुख्याने गोऱ्या तरुणांनी विजेच्या गिटारवर, प्रचंड आवाजात घडवलेला त्याचा अवतार. लेड झेपेलिनचा गिटारवादक आणि निर्माता जिमी पेज याने २०१४ च्या आवृत्तीसाठी मूळ फितींवरून आवाज नव्याने उजळला आणि दुसऱ्या तबकडीवर त्याच गाण्यांची पर्यायी रूपे दिली. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही भाषा परकी वाटू नये. पहिली तबकडी म्हणजे शुद्ध केलेली संहिता, दुसरी म्हणजे पाठभेद. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तुकोबांच्या गाथेची इंदुप्रकाश आवृत्ती एकोणिसाव्या शतकात हस्तलिखिते ताडून सिद्ध झाली. फरक इतकाच, की एकनाथ दुसऱ्याची संहिता निर्मळ करत होते आणि आपल्या पदरची ओवी तीत मिसळू नये याची ताकीद पुढच्यांना देऊन गेले. पेज आपलीच संहिता घासून-पुसून घेत होता. आपल्याच पुस्तकाची चिकित्सक आवृत्ती आपणच काढणाऱ्या लेखकाकडे आपण जेवढ्या सावधपणे पाहू, तेवढ्याच सावधपणे या आवृत्तीकडे पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आवाज खरोखर उजळला आहे. त्याबद्दल तक्रार करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शेवटच्या गाण्यातला जॉन बोनहॅमचा ढोल हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत मुद्रित झाला. ही वास्तू अठराव्या शतकाच्या अखेरीस निराधारांचे श्रमगृह म्हणून बांधलेली. ढोल जिन्याच्या चौकात मांडले आणि ध्वनिग्राहक वर, जिन्यावरून खाली सोडले. त्यामुळे त्या आवाजात उंच भिंतींचा पोकळ घुमारा उतरला. नव्या आवृत्तीत तो घुमारा इतका जवळ येतो की आपण त्या जिन्याच्या तळाशी उभे आहोत असे वाटते. आमच्यातल्या ज्यांनी आयुष्यात ढोल म्हणून फक्त शिमग्याचा ऐकला होता, त्यांनाही तो लगेच पटला. त्या रात्री तीनदा वाजवायला लागला.

या अल्बमला नाव नाही. मुखपृष्ठावर चमूचेही नाव नाही. समीक्षकांच्या टीकेला वैतागून त्यांनी जाणीवपूर्वक केलेली ती खेळी होती. आहे ते एका म्हाताऱ्याचे चित्र: पाठीवर काटक्यांची भली मोठी मोळी, वाकलेला देह, हातात काठी. रॉबर्ट प्लँट या गायकाला ते एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडले म्हणतात. रायगडच्या पायथ्याच्या कोणत्याही वाडीत असे चित्र रोज संध्याकाळी चालत जाताना दिसते. आपल्याकडे मोळी डोक्यावर असते आणि वाहणारी बहुधा बाई असते, एवढेच. बावन्न वर्षे हा म्हातारा कोट्यवधी घरांत टांगलेला होता आणि तो कोण हे कोणाला ठाऊक नव्हते. ते कळले नोव्हेंबर २०२३ मध्ये. ब्रायन एडवर्ड्स या संशोधकाला १८९२ सालच्या एका छायाचित्रसंग्रहात मूळ छायाचित्र मिळाले. छायाचित्रकार अर्नेस्ट फार्मर. चित्रातला माणूस बहुधा लॉट लाँग, विल्टशायरमधल्या मीअर या गावी राहणारा, घरांची छपरे गवताने शाकारणारा कारागीर. म्हणजे ती मोळी त्याच्या धंद्याची. पुढच्याच वर्षी तो वारला.

आमच्या वादाचे पहिले बीज येथे पडले. स्वतःचे नाव न छापण्याची चैन ज्यांना परवडली त्यांचे नाव साऱ्या जगाला ठाऊक होते. ज्याचे नाव खरोखर हरवले होते तो मुखपृष्ठावर मोळी वाहत होता. निनावीपणा एकच शब्द. पण तो स्वीकारलेला असणे आणि लादलेला असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता शेवटचे गाणे. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', म्हणजे नदीचा बांध फुटेल तेव्हा. ते मूळचे लेड झेपेलिनचे नाही. मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या दांपत्याने ते १९२९ साली ध्वनिमुद्रित केले. दोघांच्या हाती गिटार, गळा जोचा. मूळ मुद्रण ऐकताना चकित व्हायला होते, कारण ते मुळीच भव्य नाही. हलके, चपळ, जवळजवळ उत्साही; पाणी चढते आहे आणि घर सोडावे लागणार आहे हे सांगताना हे लोक बोटांची लय सुटू देत नाहीत. इंग्रज चमूने त्याचा वेग निम्म्यावर आणला आणि त्याला सात मिनिटांचे, चिखलासारखे जड रूप दिले. यातले अधिक खरे कोणते, यावर आमच्यात एकमत झाले नाही. ज्यांनी पूर अंगावर घेतला आहे त्यांचे म्हणणे असे पडले की पाणी चढताना दुसरे रूप खरे वाटते आणि उतरल्यावर, घमेल्याने चिखल उपसताना, पहिले.

गाण्यामागचा पूर १९२७ चा. त्या वर्षीच्या २१ एप्रिलला ग्रीनव्हिलच्या उत्तरेला मिसिसिपीचा बांध फुटला. त्या साऱ्या महापुरात सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. ग्रीनव्हिल येथे गोऱ्या कुटुंबांना नौकांनी हलवण्यात आले. सुमारे १३,००० कृष्णवर्णी माणसांना मात्र अरुंद बांधावरच तंबूंत ठेवले गेले, कारण ती निघून गेली तर कापसाच्या मळ्यांत पुन्हा परतणार नाहीत अशी मळेवाल्यांना धास्ती होती. बंदुकीच्या धाकाखाली त्यांच्याकडून बांधाची कामे करून घेतली गेली. म्हणजे त्या गाण्यातला बांध हा निसर्गाविरुद्धचा तट नव्हता फक्त; तो तुरुंगही होता. ज्या वाचकांनी जनार्दन वाघमारे यांच्या लेखनातून अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख करून घेतली त्यांना लँग्स्टन ह्यूज ठाऊक असतो. पण त्या कवितेच्या खाली वाहणारे हे गाणे आपल्या अभ्यासक्रमांत सहसा आलेले नाही. दलित साहित्य आणि ब्लॅक साहित्य अशी तुलना आपण छापील कवितेपुरतीच करत आलो.

त्याच १९२७ च्या २० मार्चला महाडात काय घडले हे येथे सांगण्याची गरज नसावी. सनांच्या योगायोगाला आम्ही फारशी किंमत देत नाही. एकाच वर्षी जगात पुष्कळ गोष्टी घडतात. तेथे पाणी अंगावर सोडले गेले, येथे पाण्याला हात लावू दिला जात नव्हता. साम्य दाखवून टाळी घेण्याचा आमचा हेतू नाही. चवदार तळ्याची आठवण आम्हांला वेगळ्याच कारणाने झाली, ते पुढे येईल.

आधी श्रेयाची ओळ पाहू. १९७१ च्या मूळ आवृत्तीत या गाण्याच्या कर्त्यांची पाच नावे छापली आहेत: चमूचे चौघे आणि मेम्फिस मिनी. लेड झेपेलिनच्या बाबतीत एवढेही औदार्य नेहमीचे नाही. १९६९ च्या त्यांच्या दुसऱ्या अल्बममधले पहिलेच गाणे विली डिक्सन या शिकागोच्या गीतकाराच्या गाण्यावर बेतलेले होते. त्याला १९८५ साली दावा लावावा लागला, १९८७ साली तडजोड झाली, तेव्हा कोठे त्याचे नाव आले. तरीही या पाच नावांकडे नीट पाहावे. ज्याने मूळ गाणे गायिले त्या कॅन्सस जोचे नाव त्यांत नाही. २०१४ मध्ये आवाजातला कणन्‌कण पुसून घेतला गेला, ढोलाच्या घुमाऱ्याची लांबी मोजली गेली. ती ओळ मात्र जशी होती तशीच राहिली. मिनी १९७३ साली मेम्फिसमध्ये वारली, दीर्घ आजारपणात आणि हलाखीत. तिच्या थडग्यावर नावाची शिळा बसली १९९६ साली, बॉनी रेट या गायिकेने खर्च केला तेव्हा.

जुलै २०२१ च्या बावीस-तेवीस तारखांना सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या. त्याच पावसात तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही माणसे दरडीखाली गाडली गेली. त्यापुढे आमच्या नुकसानीचा उच्चार करणेही लाजिरवाणे आहे, पण विषयापुरते सांगतो. आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी भीमगीतांच्या दोनशेच्या वर कॅसेटी होत्या. त्याचे वडील मुंबईत गोदीत कामाला. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला न चुकता महाडला येत आणि चवदार तळ्याच्या आसपासच्या पथाऱ्यांवरून दरवेळी चार-पाच कॅसेटी घेत. शिकागोला गेलेला डेल्टाचा मजूर आणि मुंबईला गेलेला महाडकर यांच्यात आम्हांला नाते दिसते ते येथे. एक रेल्वेने गेला. दुसरा पूर्वी दासगावच्या बंदरातून बोटीने जात असे, पुढे एस.टी.ने. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी आले तेही बोटीने दासगावला उतरून, आणि तेथून महाडपर्यंत चालत. दोन्हीकडे गाणे शहरात मोठ्या आवाजाचे झाले आणि आवाज वाढवून गावी परतले.

तर या कॅसेटी पुरात गेल्या. चिखल धुऊन, फीत सावलीत वाळवून, पेन्सिलीने पुन्हा गुंडाळून त्यांतल्या साठ-सत्तर वाजत्या झाल्या. आवाज खरखरीत, मध्येच बुडी मारल्यासारखा, पण गाणे ओळखू येते. कागद मात्र एकही वाचला नाही. कॅसेटीच्या डबीत घडी करून ठेवलेला तो कागद, ज्यावर बारीक अक्षरांत गायक, गीतकार, संगीत असे छापलेले असे, त्याचा लगदा झाला होता. गाणी उरली, नावे वाहून गेली. बाजारात तीच गाणी शोधली तर सापडतात. पण नव्या प्रतींवर गायकाचे नाव मोठे, मालकी असलेल्या कंपनीचे त्याहून मोठे, आणि गीतकार पुष्कळदा 'पारंपरिक' असतो. परंपरा! ज्या कवीने भाड्याच्या खोलीत रात्री जागून ते गीत लिहिले आणि ज्याला पाहिलेली माणसे आजही हयात आहेत, तो एका पिढीत परंपरा होऊन बसतो.

येथे आमच्यातल्याच एका तरुण अभ्यासकाने घेतलेला आक्षेप नोंदवलाच पाहिजे, कारण तो वजनदार आहे. त्याचे म्हणणे असे: नावाचा हा आग्रह मुळात छापखान्याने आणि मालकी हक्काच्या कायद्याने शिकवलेला आहे. ब्लूजमध्ये एकाच्या ओळी दुसऱ्याच्या गाण्यात सहज जात. जात्यावरच्या ओवीला कर्ती नसते. भीमगीत हे समाजाचे असते. मिनी आणि जो यांनीही आधीच्या कोणाच्या ओळी उचलल्या असतील. मग एका इंग्रज चमूने तेच केले तर त्याला चोरी का म्हणावे? लोकगीताला मालक शोधणे म्हणजे नदीला सातबारा शोधणे.

युक्तिवाद सुंदर आहे. पण नदीला सातबारा नसतो हे वाक्य कोण, कोठे उभा राहून बोलतो यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि महाडच्या माणसाला हे कोणी शिकवण्याची गरज पडू नये. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव नव्हे, सीताराम केशव बोले यांनी कायदेमंडळात मांडलेला ठराव म्हणू, संमत झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचे मान्य केले. तळे सार्वजनिक होते. ते सार्वजनिक आहे याबद्दल कोणाची हरकत नव्हती, जोवर त्या शब्दाचा अर्थ घ्यायला कोणी काठावर आले नव्हते. २० मार्चला लोक आले, पाणी प्याले. मग तळे 'शुद्ध' करण्यात आले, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि १२ डिसेंबरला दिवाणी न्यायालयात जो दावा दाखल झाला त्याचे म्हणणे काय होते? तळे सार्वजनिक नाहीच. ते स्पृश्यांच्या खाजगी मालकीचे आहे. हा वाद उच्च न्यायालयात निकाली निघाला १७ मार्च १९३७ रोजी, दहा वर्षांनी. जे सर्वांचे होते ते नको त्या माणसाने ओंजळ पुढे करताच खाजगी झाले.

गाण्याचे अगदी असेच होते. मिसिसिपीच्या बांधावरून ते उचलताना ते लोकांचे असते, परंपरेचे असते, त्याला कर्ता नसतो. ते विकायची वेळ आली की त्याला चार कर्ते असतात, प्रकाशनसंस्था असते, आणि दुसऱ्या कोणी ते उचलले तर वकीलही असतात. आमच्या मित्राचा लोकगीताचा सिद्धान्त आम्ही आनंदाने मान्य करू. फक्त तो गाण्याच्या दोन्ही टोकांना लागू व्हावा. लेड झेपेलिनने ही सारी गाणी 'पारंपरिक' म्हणून छापली असती आणि त्यांचे मानधनही परंपरेला वाटून टाकले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

आणि आपल्या मौखिक परंपरेला नावाचे वावडे होते, हेही तपासून पाहावे. पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. सिंहगडाच्या पोवाड्यात ते येते आणि तो पोवाडा तुळशीदास शाहिराचा आहे हे आपल्याला कोणा संशोधकाने शोधून दिलेले नाही. शाहिराने स्वतःचे नाव पोवाड्यात गुंफले आहे. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला, त्याच्या कितीतरी आधी ते नाव गाणाऱ्यांच्या तोंडी टिकून होते. अभंगाच्या अखेरीस तुका येतो, नामा येतो, जनी येते. जेथे कागद नव्हता, तेथे श्रेयाची ओळ गाण्याच्या पोटात शिवून टाकलेली होती. वामनदादा कर्डक यांनी, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या आणि औपचारिक शिक्षण न मिळालेल्या या कवीने, हीच रीत चालवली. त्यांच्या कितीतरी गीतांत अखेरीस 'वामन' येतो. संतांकडून घेतलेली ही मुद्रा त्यांनी आंबेडकरी गीतात कशी वापरली यावर स्वतंत्र प्रबंध व्हायला हवा. २०२२ साली त्यांची जन्मशताब्दी होऊन गेली.

ओवीचा मुद्दा खरा आहे. ओवी गाणारी बाई आपले नाव घालत नाही. भावाचे, लेकाचे घालते. पण हेमा राईरकर आणि गी पॉयतवां यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रभर ज्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ज्या २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हे संग्रहालय प्रकाशात आणत आहे, त्यांत ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते, पुष्कळदा तिचे छायाचित्रही. ती ओवीची मालक आहे असा दावा त्यांत नाही. ती त्या दिवशी, त्या जात्यावर, त्या शब्दांत ती ओवी गायली, एवढेच. एवढे पुरते. त्यासाठी कायदा लागत नाही, न्यायालय लागत नाही. विचारून लिहून घेणारा माणूस लागतो.

मुंबईचा एक धागा राहिला. चौथ्या अल्बममधले 'फोर स्टिक्स' हे गाणे आणि त्याआधीचे 'फ्रेंड्स' हे गाणे पेज आणि प्लँट यांनी १९७२ साली मुंबईत येऊन येथल्या वादकांबरोबर पुन्हा मुद्रित केले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात मुरलेले हे वादक. त्यांना त्या गाण्यांच्या वेड्यावाकड्या मात्रा सांभाळायला लावणे हा प्रयोग धाडसाचा होता. तबला, सारंगी, तंतुवाद्ये यांच्यामधून ते गाणे किंचित लंगडत, पण फार देखणे चालते. आमच्या मते मूळ गाण्याहून ते अधिक मोकळे आहे. हे मुद्रण चाळीस वर्षांहून अधिक काळ चोरट्या प्रतींतून फिरत राहिले आणि अधिकृतपणे बाहेर आले जुलै २०१५ मध्ये, याच पुनःप्रकाशन-मालिकेच्या अखेरच्या खंडात. त्या गाण्यांच्या नावांपुढे काय छापले आहे? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. मिनीला निदान नाव मिळाले. आपल्या वादकांना शहराचे नाव मिळाले, आणि तेही जुने.

आता कोणी विचारेल, मग हा अल्बम ऐकू नये का? जरूर ऐकावा. ज्या कृतीवर रागावता येत नाही ती अभिजात कसली. आमची मागणी अगदी शाळामास्तरी आहे. कोणत्याही प्रतिष्ठित प्रकाशनाने पन्नासाव्या वर्षी ग्रंथ पुन्हा काढला तर आपण त्याला प्रस्तावना मागतो, आधारग्रंथांची नोंद मागतो, पहिल्या आवृत्तीतल्या चुकांची दुरुस्ती मागतो. दुसऱ्या तबकडीवर त्याच गाण्याचे त्याच चौघांनी केलेले किंचित निराळे मिश्रण देण्याऐवजी १९२९ चे मूळ तीन मिनिटांचे मुद्रण दिले असते, तर तो खरा पाठभेद झाला असता. आणि पाचाची सहा नावे करायला नवी फीत लागत नाही.

आमच्याकडचे काम मात्र आम्हांलाच करायचे आहे. वाचलेल्या कॅसेटींतली गाणी ऐकून आम्ही एक वही घातली आहे. एका बाजूला गाण्याचे पहिले शब्द, दुसऱ्या बाजूला गीतकार. तिसऱ्या रकान्यात हे कोणी सांगितले ते. दासगावच्या, बिरवाडीच्या, पोलादपूरच्या वस्त्यांतल्या वयस्कर गायकांकडे जाऊन विचारतो. काही सरळ सांगतात, काही भांडतात. एका गाण्यावर दोन गावांचा दावा आहे आणि आम्ही दोन्ही लिहून ठेवले आहेत.

मागे एका २० मार्चला तळ्याकडच्या रस्त्यावर एक पोरगा पेन ड्राइव्ह विकत होता. एकेकात पाचशे गाणी. त्याला विचारले, ही गीते कोणाची? तो म्हणाला, बाबासाहेबांची. ते झाले रे, पण लिहिली कोणी? त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले, मग लाउडस्पीकरवर चाललेल्या गाण्याकडे बोट करून थांबायची खूण केली. शेवटचे कडवे आले, त्यात 'वामन' आला, तसा तो हसला. पुढचे गाणे सुरू झाले. आम्ही तेही शेवटपर्यंत ऐकले. त्यात कोणाचे नाव नव्हते. आम्ही त्याचे पहिले शब्द वहीत लिहून घेतले आणि पुढचा रकाना मोकळा सोडला.